हातापासून सुटलेला सूर

मार्च १९२२. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये पंचविशीतला एक पदार्थवैज्ञानिक लेनिनसमोर एक लाकडी पेटी मांडून उभा होता. पेटीतून धातूची एक उभी दांडी वर आलेली, तर एका बाजूला धातूचेच एक आडवे कडे. त्याने पेटीला हात लावला नाही. दोन्ही हात हवेत धरले, बोटे किंचित हलवली आणि पेटी गाऊ लागली. प्रात्यक्षिक संपल्यावर लेनिनलाही वाजवून पाहण्याची इच्छा झाली. त्या तरुणाने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, ग्लिंकाचे एक गीत वाजवताना त्याने आधी लेनिनचे हात मागून धरून चालवले. मग हळूच सोडून दिले, आणि उरलेली चाल लेनिनने एकट्याने पुरी केली.

या तरुणाचे नाव लेव्ह सेर्गेयेविच तेर्मेन. पश्चिमेत तो लिऑन थेरेमिन म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या वाद्यालाही तेच नाव चिकटले. विजेच्या सुराला माणसाच्या हाताचे वळण देण्याचा जो खटाटोप पुढे शंभर वर्षे चालला, त्याचा हा आरंभ. हा धागा त्या खटाटोपाचा.

प्रश्न आधी नीट मांडला पाहिजे. सतारीची तार पडद्यावर खेचली की तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. सारंगीवर गज जोराने ओढला की आवाज भरतो. हाताने काय केले आणि कानाला काय ऐकू आले, यांचे नाते निसर्गानेच बांधून दिलेले असते. विजेच्या वाद्यात हे नाते तुटते. सूर विद्युत मंडलात जन्मतो आणि लाउडस्पीकरमधून बाहेर पडतो. वादकाने कळ दाबली, चकती फिरवली की हवेत बोटे नाचवली, याच्याशी त्या सुराला काही देणेघेणे नसते. हात आणि सूर यांची गाठ कोणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते. ती कोणी घातली आणि कोणाच्या सोयीने घातली, यावरच या वाद्यांचे नशीब ठरत गेले.

तेर्मेनला ही गाठ अपघाताने सापडली. १९२० साली पेत्रोग्राद येथे अब्राम योफे यांच्या प्रयोगशाळेत तो वायूंचे विद्युत गुणधर्म मोजणारे एक उपकरण बांधत होता. उपकरणातला बदल काट्याऐवजी कानाने कळावा म्हणून त्याने त्याला श्रवणयंत्र जोडले. हात उपकरणाजवळ नेला की आवाज चढे, दूर नेला की उतरे. दुसऱ्या एखाद्याने ही कटकट म्हणून हात लांब ठेवला असता. तेर्मेन चेलो शिकलेला होता. त्याने परिचयाच्या चाली वाजवून पाहिल्या.

यंत्रणा अशी. पेटीत रेडिओ लहरींच्या कंप्रतेने थरथरणारी दोन मंडले असतात. दोन्ही इतकी जलद की कानाला एकही ऐकू येत नाही. एकाची कंप्रता स्थिर. दुसरे उभ्या दांडीला जोडलेले. माणसाचे शरीर विद्युतवाहक असल्यामुळे हात दांडीजवळ गेला की त्या मंडलाची विद्युतधारिता बदलते आणि कंप्रता किंचित सरकते. दोन्ही लहरी एकत्र केल्या की त्यांच्यातला फरक तेवढा कानाला ऐकू येतो. उजवा हात दांडीजवळ नेऊन सूर चढवायचा. डावा हात कड्याजवळ आणून आवाज दाबायचा. याच तत्त्वावर तेर्मेनने चोर पकडणारी घंटाही बनवली होती आणि तीही लेनिनला दाखवली होती. संगीत आणि पाळत यांची ही सोबत त्याच्या आयुष्यात पुढे फार वाईट रीतीने परतणार होती.

युरोप गाजवून तेर्मेन १९२७ च्या डिसेंबरात न्यू यॉर्कला पोहोचला. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकी पेटंट मिळाले आणि त्यानंतर आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीने वाद्याचे हक्क घेतले. कंपनीच्या जाहिरातींचा सूर असा होता की ज्याला गुणगुणता येते किंवा शिट्टी वाजवता येते, त्याला हे वाद्य वाजवता येईल. रियाज नको, गुरू नको. १९२९ साली वाद्ये दुकानात आली आणि त्याच शरद ऋतूत शेअर बाजार कोसळला. सगळ्या साहित्यासह दोनशे डॉलरच्या वर किंमत असलेली ही चैन कोणाला परवडणार? सुमारे पाचशे वाद्ये बनली आणि उत्पादन थांबले.

अपयशाचे खापर मंदीवर फोडणे सोपे आहे. पण जाहिरातच खोटी होती. थेरेमिन हे बहुधा सर्वांत कठीण वाद्यांपैकी एक असावे. व्हायोलिनवर पडदे नसतात, पण निदान पट्टी असते. बोट टेकवायला लाकूड असते. थेरेमिनवर हाताला कशाचाच आधार नाही. षड्ज कुठे आहे हे फक्त कान सांगतो, आणि तोही सूर वाजून गेल्यावर. वादकाने मान वळवली, खांदा हलवला, तरी सूर सरकतो. शिवाय हात एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या सगळ्या श्रुतींतून ओरखडत जातो. मींड घेण्यासाठी कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते मींड टाळण्यासाठी. बहुतेक हौशी खरेदीदारांच्या हातून मांजराच्या रडण्यासारखा आवाज निघाला आणि वाद्य माळ्यावर गेले.

ते माळ्यावरून उतरवले एका व्हायोलिनवादक मुलीने. क्लारा राइसेनबर्ग, लग्नानंतर क्लारा रॉकमोर, १९११ साली विल्निअसमध्ये जन्मली. पाचव्या वर्षाच्या सुमारास तिला पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत प्रवेश मिळाला होता. कुटुंब अमेरिकेत आले आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर तिच्या हाताने दगा दिला. व्हायोलिन सोडावे लागले. ज्या वाद्याला स्पर्शच करायचा नाही, ते तिला नेमके याच वेळी भेटले.

रॉकमोरने हवेत पट्टी आखली. अंगठा आणि तर्जनी जुळवून मूठ दांडीकडे धरायची आणि बाकीची बोटे एकेक करून उघडत जायची. प्रत्येक बोटाच्या उघडण्याला सुरांचे ठरावीक अंतर. हात जागेवरून न हलवता चार-पाच सूर स्वच्छ, सुटे निघू लागले. अंग दगडासारखे स्थिर. तिने तेर्मेनकडे मागण्याही केल्या: तीन सप्तकांचा पल्ला अपुरा पडतो, पाच हवीत, डाव्या हाताचे कडे मंद आहे, ते इतके चपळ हवे की सूर तोडून दाखवता येईल. तेर्मेनने तिच्यासाठी तसे वाद्य बांधून दिले. १९३४ साली न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ती उभी राहिली, तेव्हा श्रोत्यांनी ऐकले ते चेलो-व्हायोलिनचे संगीत, नवलाईचा खेळ नव्हे. वाद्याचा शोध तेर्मेनने लावला असे सगळेच म्हणतात. वाजवण्याचा शोध रॉकमोरने लावला, आणि तो कमी महत्त्वाचा मानण्याचे काही कारण नाही.

हॉलिवूडला मात्र हे संगीत नको होते, थरार हवा होता. १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये मनाचा तोल जाताना आणि १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये परग्रहाचे यान उतरताना थेरेमिन विव्हळले. ते वाजवणारा सॅम्युअल हॉफमन व्यवसायाने पायांचा डॉक्टर होता. अनेक वर्षे या वाद्याची ओळख तेवढीच राहिली: भुताखेतांचा आवाज.

दरम्यान तेर्मेन १९३८ साली अचानक सोव्हिएत संघात परतला. लवकरच अटक, मग कोलिमाची छावणी, मग कैदी वैज्ञानिकांची प्रयोगशाळा. १९४५ साली सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते मॉस्कोतल्या राजदूताच्या निवासात सात वर्षे भिंतीवर होते. त्याच्या आत तेर्मेनने रचलेले, बॅटरीविना चालणारे, बाहेरून रेडिओ लहर सोडली की जागे होणारे कान दडलेले होते.

आता पॅरिसकडे वळू. मॉरिस मार्तनो हाही चेलोवादक. पहिल्या महायुद्धात तो बिनतारी संदेशवाहक होता आणि रेडिओच्या निर्वात नळ्यांतून निघणाऱ्या शुद्ध शिट्ट्या त्याच्या मनात बसल्या होत्या. १९२८ साली त्याने आपले वाद्य, ओंद मार्तनो, पॅरिसच्या श्रोत्यांसमोर आणले. आतली विद्युत यंत्रणा जवळजवळ थेरेमिनचीच. फरक होता तो हाताला दिलेल्या कामात.

उजव्या तर्जनीत एक अंगठी, ती एका ताणलेल्या दोरीला बांधलेली, आणि खाली पियानोच्या पट्ट्यांची खूण. अंगठी डावी-उजवीकडे सरकवली की सूर अखंड घसरतो. डोळ्यांना मात्र कोणता सूर कुठे आहे ते दिसते. पुढे खऱ्या पट्ट्याही आल्या, पण त्या पट्ट्यांचा सबंध फलक आडवा डोलत असे, म्हणजे दाबलेल्या बोटाच्या थरथरीने सुराला कंप देता येई. हार्मोनियमवर जे कधीच जमत नाही, तेच.

याहून सूक्ष्म काम डाव्या हाताकडे होते. वाद्याच्या डाव्या बाजूला एक छोटा खण आणि त्यात एक कळ. कळीखाली चामड्याच्या पिशवीत विद्युतवाहक पूड. कळ जितकी दाबावी, तितकी पूड घट्ट बसते आणि तितका आवाज वाढतो. कळ सोडली की संपूर्ण शांतता. उजव्या हाताने सूर निवडलेला असला, तरी डाव्या हाताने परवानगी दिल्याशिवाय तो उच्चारला जात नाही. झटका दिला तर आघात, हळू दाबले तर दूरून येणारा आवाज, थरथरते बोट ठेवले तर गहिवर. हा खण म्हणजे चेलोचा गजच होता. आणि बोटाखाली काहीतरी दबत होते, परत ढकलत होते. थेरेमिनच्या हवेत जे नव्हते ते हेच.

मार्तनोने लाउडस्पीकरही निराळे बनवले. एकात घंटेसारखा धातूचा पत्रा, दुसऱ्याच्या अंगावर ताणलेल्या तारा, ज्या वाजलेल्या सुराला आपोआप झंकारत. सतारीच्या तरफा ठाऊक असणाऱ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँने १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सहा ओंदांची एक रचना केली आणि १९४९ साली बॉस्टनमध्ये प्रथम सादर झालेल्या ‘तुरांगालिला’ सिंफनीत या वाद्याला मोठी भूमिका दिली. सिंफनीचे नाव संस्कृतातून घेतलेले आहे. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात त्याचे वर्ग सुरू झाले, झान लोरियोने त्याच्या वादनतंत्रावर ग्रंथ लिहिला. वाद्य दुर्मीळ राहिले, पण त्याला अभ्यासक्रम मिळाला. थेरेमिनला जाहिरात मिळाली होती.

त्याच काळात बर्लिनमध्ये ट्राउटोनियम होते, धातूच्या पट्टीवर तार दाबून वाजवायचे; ओस्कर साला हा एकच माणूस ते आयुष्यभर वाजवत राहिला. कॅनडात ह्यू ल केन याने १९४५ ते ४८ या काळात ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ बांधले. त्याची प्रत्येक पट्टी खाली दाबली की आवाज वाढे आणि आडवी ढकलली की सूर वाके; डाव्या हाताकडे आवाजाचा पोत. पुढच्या सत्तर वर्षांत पुन्हा पुन्हा नव्याने शोधल्या गेलेल्या जवळपास सगळ्या कल्पना त्या एका मेजावर होत्या. ते बाजारात कधी आले नाही.

मराठी श्रोत्याला हा वाद नवा नाही. पेटीवर सूर कापलेले असतात, दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही, हा आक्षेप इथे दीर्घकाळ घेतला गेला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. मराठी नाट्यसंगीत पेटीच्या साथीवर वाढत असताना रेडिओवर मात्र ती अस्पृश्य होती. बंदी अतिरेकी होती, पण तिच्यामागची तक्रार खोटी नव्हती: पट्टी दाबणे आणि सूर लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीने त्या तक्रारीला एक मजेदार उत्तर दिले. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ऐकून खेड्यापाड्यांत लोक डोलले. ती गारुड्याची पुंगी नव्हतीच. हेमंत कुमारांच्या त्या संगीतात कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन वाजवले होते. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ साली काढलेले हे छोटे विजेचे वाद्य एका वेळी एकच सूर देई, आणि आवाज लहानमोठा करण्यासाठी त्याला गुडघ्याने ढकलायची दांडी असे. पट्ट्या होत्या, पण त्या पट्ट्यांतून श्वासाचा भास निर्माण करण्यासाठी अंगाचा आणखी एक अवयव कामाला लावलेला होता.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या दोन टोकांना दोन माणसांनी, एकमेकांची फारशी वार्ता नसताना, सिंथेसायझर उभे केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला डॉन बुकला. त्याने पियानोची पट्टी नाकारली. बोटाचा स्पर्श आणि दाब ओळखणारे धातूचे तुकडे बसवले. पट्टी ठेवली तर लोक जुनेच संगीत वाजवतील, हे त्याचे म्हणणे. पूर्वेला रॉबर्ट मूग. तो शाळकरी वयापासून थेरेमिन बांधत आला होता आणि हाताने सूर वळवण्याचे मोल त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. तरीही त्याच्या यंत्राला पट्ट्या होत्या, कारण ज्या संगीतकारांशी तो बोलत होता त्यांना त्या हव्या होत्या. १९६८ साली मूगच्या यंत्रावर वाजवलेल्या बाखच्या रचनांची वेंडी कार्लोसची तबकडी अफाट खपली. विजेचे वाद्य म्हणजे पियानोसारखे काहीतरी, हे चित्र जगाच्या मनात पक्के झाले. थेरेमिनच्या सर्वांत निष्ठावंत शिष्याच्या हातून हे व्हावे, यात थोडी गंमत आहे आणि थोडे दुःखही.

मग आले १९८३. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, एका तारेने जोडले गेले. एकावर वाजवले ते दुसऱ्यातून ऐकू आले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून जन्मलेल्या या सामाईक भाषेचे नाव ‘मिडी’. वाद्यांच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्यांनी इतका शहाणपणा क्वचितच दाखवला असेल. ती भाषा फुकट होती, तार स्वस्त होती, आणि काही वर्षांत जगातले प्रत्येक विजेचे वाद्य ती बोलू लागले.

पण ही भाषा पट्टीची होती. तिचे मुख्य वाक्य असे: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, अमुक वेगाने दाबली, अमुक पट्टी सोडली. क्रमांक शून्य ते १२७, वेगही शून्य ते १२७. सूर वाकवण्याची सोय होती, पण ती एका वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदम वाकवी. एकाला स्थिर ठेवून दुसऱ्याला मींड देणे त्याच वाहिनीवर अशक्य. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जात, म्हणजे हाताच्या सततच्या हालचालींचा ओघ आला की तार तुंबे. थेरेमिनवर सूर ‘दाबला’ केव्हा आणि ‘सोडला’ केव्हा? षड्जावरून पंचमाकडे जाणारी मींड कोणत्या क्रमांकात लिहायची? या भाषेत हे प्रश्नच विचारता येत नव्हते. संगणक-संगीतातला ज्येष्ठ जाणकार एफ. रिचर्ड मूर याने १९८८ साली मिडीच्या दोषांवर एक परखड लेख लिहिला. तोवर उशीर झालेला होता. १९२८ ते ४८ या वीस वर्षांत कमावलेले बारकावे एका सोयीस्कर करारात गळून पडले, आणि बहुसंख्यांना ते गळल्याचे कळलेही नाही.

या तारेच्या मर्यादेत राहूनही हात परत आणण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले आणि ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध होते.

पहिला मॅक्स मॅथ्यूजचा. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून संगीत वाजवून घेणारा हा अभियंता हौशी व्हायोलिनवादक होता. १९८० च्या दशकात त्याने ‘रेडिओ बॅटन’ रचले: दोन छड्या, प्रत्येकीतून निराळी रेडिओ लहर, आणि खाली त्यांची जागा व उंची ओळखणारा फलक. त्याचा युक्तिवाद साधा होता. व्हायोलिनवादकाची निम्मी शक्ती योग्य सूर शोधण्यात जाते. पण सूर तर संगीतकाराने आधीच कागदावर लिहिलेले असतात. मग ते संगणकाने लक्षात ठेवावेत आणि माणसाने छडीच्या आघातांनी लय, जोर, भाव तेवढे द्यावेत. लिहिलेल्या संगीतासाठी हे पटण्याजोगे आहे. ज्या संगीतात पुढचा सूर कोणता हेच वाजवताना ठरते, आणि तो कसा लागला यातच सगळे सामावलेले असते, तिथे मात्र हा सौदा महागात पडतो.

दुसरा प्रयत्न अ‍ॅम्स्टरडॅममधला. १९६९ साली स्थापन झालेल्या ‘स्टाइम’ या संस्थेत मिशेल वाइसविस काम करत असे. १९७० च्या दशकात त्याने ‘क्राकडोस’ ही चिमुकली पेटी बनवली होती. उघड्या मंडलावर बोटे ठेवायची. त्वचेतून वीज वाहते, वादक मंडलाचा भाग होतो आणि पेटी किंचाळते, गुरगुरते. १९८४ मध्ये त्याने ‘द हँड्स’ आणले. दोन्ही हातांवर बांधायचे दोन सांगाडे. बोटांखाली कळा, मनगट कलले की कळवणारे पाऱ्याचे खटके, आणि दोन हातांमधले अंतर मोजणाऱ्या श्राव्यातीत लहरी. हात फाकले की संगीत फाकते, जवळ आणले की आकसते. माहिती मिडीच्याच तारेने जाई, पण पाठवणारा पियानो नव्हता. घामाघूम झालेला एक माणूस होता.

वाइसविसचा आग्रह श्रमांवर होता. श्रोत्याला संगीतातला ताण कळतो तो वादकाच्या शरीरात दिसतो म्हणून, अशी त्याची धारणा. त्याचा सहकारी जोएल रायन याने १९९१ साली याच भूमिकेतून लिहिले: संगणकाच्या जगात सगळे काही विनासायास करण्याची धडपड असते, पण वाद्य रचताना ते मुद्दाम अवघड करून पाहणे तितकेच फलदायी ठरू शकते. आरसीएच्या जाहिरातीला साठ वर्षांनी मिळालेले हे उत्तर.

वाइसविसने आणखी एक गोष्ट केली, जी अभियंत्यांना विचित्र वाटली असावी. रोज काही ना काही सुधारता येईल असे यंत्र हातात असताना त्याने सुधारणा थांबवली आणि वर्षानुवर्षे तेच वाद्य तसेच ठेवून त्याचा रियाज केला. दर महिन्याला पट्टी बदलणाऱ्या तंबोऱ्यावर कोणाचा गळा तयार होईल? नव्या नियंत्रकांच्या प्रयोगांतले बहुसंख्य एका-दोन प्रात्यक्षिकांनंतर का विसरले गेले, याचे कारण बरेचदा इथेच सापडते. यंत्र तयार होई. वादक तयार व्हायला लागणारी दहा वर्षे कोणी देत नसे.

ती वर्षे लेटिशिया सोनामीने दिली. फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थिरावलेल्या या कलावतीने १९९१ साली स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घेतले, बोटांच्या टोकांना चुंबकक्षेत्र ओळखणारे संवेदक चिकटवले आणि दुसऱ्या हाताला लोहचुंबक. दोन वर्षांपूर्वीच बाजारात आलेल्या, चिलखती दिसणाऱ्या व्हिडिओ गेमच्या हातमोज्यांची ती टिंगल होती. टिंगल गंभीर होत गेली. पुढच्या आवृत्त्या कोपरापर्यंतच्या, तलम जाळीच्या, डझनावारी संवेदकांच्या. आणि तो ‘लेडीज ग्लव्ह’ घालून ती दोन दशके रंगमंचावर कथा सांगत, सूर वळवत राहिली.

संशोधकांनाही हळूहळू तेच दिसू लागले. २००१ साली सिएटलमध्ये एका मोठ्या संगणक-परिषदेच्या निमित्ताने भरलेल्या कार्यशाळेतून नव्या वाद्यांचा अभ्यास करणारी वार्षिक परिषदच उभी राहिली. यॉर्क विद्यापीठातल्या अँडी हंटच्या प्रयोगांचा निष्कर्ष विशेष बोलका आहे. एक सरकपट्टी म्हणजे उंची, दुसरी म्हणजे आवाज, असे सुटसुटीत नियंत्रण लोकांना पहिल्या दिवशी आवडे. जिथे एका हालचालीने अनेक गोष्टी एकदम बदलत आणि आवाज काढण्यासाठी हात सतत हलता ठेवावा लागे, ते नियंत्रण आधी त्रास देई. पण सरावाने लोक त्यात सुधारत जात आणि गुंतत जात. सारंगीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही.

मिडीची गाठ सैल व्हायला २०१८ उजाडले. त्या वर्षी प्रत्येक सुराला स्वतंत्र वाहिनी देऊन त्याला स्वतंत्रपणे वाकवण्याची पद्धत अधिकृत झाली; २०२० मध्ये भाषेची दुसरी आवृत्ती आली. आता मऊ रबरी पट्ट्यांचे, आडवे ढकलता येणारे, बोट रुतवता येणारे फलक दुकानात मिळतात. ह्यू ल केनच्या मेजावर जे १९४८ साली होते, तेथवर बाजार पोहोचला.

वाइसविस २००८ साली गेला. ‘द हँड्स’ त्याच्याइतक्या सहजतेने दुसऱ्या कोणी वाजवले नाही. ते वाद्य त्याच्या शरीराच्या मापाचे होते आणि त्याची विद्या कोणाकडे गेली नाही.

थेरेमिनचे तसे झाले नाही. १९६७ साली न्यू यॉर्क टाइम्सच्या बातमीदाराला तेर्मेन मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयात काम करताना आढळला. बातमी छापून आली आणि तेर्मेनची ती नोकरी गेली. नंतर विद्यापीठात तंत्रज्ञाच्या हुद्द्यावर असताना त्याने नात्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला शिकवायला घेतले: लिडिया काविना. १९७७ मध्ये मूगने रॉकमोरची तबकडी काढली, तेव्हा तिचे वयाच्या पासष्टीतले वादन जगाने प्रथमच नीट ऐकले. तेर्मेन ९७ वर्षांचा होऊन १९९३ साली मॉस्कोत वारला, रॉकमोर १९९८ मध्ये. काविनाने पुढे जर्मनीतल्या कॅरोलिना आइक या मुलीला शिकवले. आइकने रॉकमोरच्या बोटांची पद्धत आणखी बांधीव केली: एका सप्तकातल्या आठ सुरांसाठी हाताच्या आठ ठरावीक ठेवणी. कार्यक्रमापूर्वी ती वाद्याची विद्युत रचना आपल्या हाताच्या मापाला जुळवून घेते, म्हणजे मिटलेली मूठ षड्जावर आणि पूर्ण उघडलेला पंजा तार षड्जावर बरोबर येतो. २००६ साली तिने ही पद्धत पुस्तकात मांडली.